१२८ मृत, ३ बंदुका: माय लायची बातमी कशी बाहेर आली

नदीकाठ

१२८ आणि ३. हे दोन आकडे गेला महिनाभर माझा पिच्छा सोडत नाहीयेत, म्हणून हा धागा.

१७ मार्च १९६८. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर दक्षिण व्हिएतनामची बातमी होती. अमेरिकन सैन्यानं शत्रूला चिमट्यात पकडलं, दिवसभर लढाई झाली, १२८ शत्रुसैनिक ठार. बातमीचा उगम सैन्याची माहिती. सैन्याच्याच हिशेबात हाती लागलेल्या शस्त्रांचाही आकडा होता: ३. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड यांनी तुकडीला शाबासकी पाठवली.

एकशे अठ्ठावीस माणसं दिवसभर लढली आणि सगळ्यांकडे मिळून तीन बंदुका निघाल्या. मग बाकीचे सव्वाशे कशानं लढत होते? हा प्रश्न पडायला युद्धशास्त्र शिकावं लागत नाही. पण वीस महिने तो कुणी छापला नाही.

झालं होतं ते असं. १६ मार्चच्या सकाळी अमेरिकन सैन्याची चार्ली कंपनी क्वांग न्गाय प्रांतातल्या सोन मी गावाच्या एका वाडीत उतरली. सैन्याच्या नकाशावर त्या वाडीचं नाव माय लाय ४. समोरून प्रतिकार झालाच नाही. कंपनीतला एकच सैनिक जखमी झाला, तोही स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी पायात जाऊन. चुलीवर न्याहारी शिजत होती ती घरं पेटवली. बायका, म्हातारे आणि पोरं पाण्याच्या चरात नेऊन मारली. शेजारच्या माय खे वाडीत दुसऱ्या कंपनीनं तेच केलं. व्हिएतनामच्या स्मारकावर मृतांची संख्या ५०४ आहे, अमेरिकन सैन्याचा स्वतःचा अंदाज ३४७.

आता जी गोष्ट मला खरी सांगायचीय ती. त्या दिवशी तिथे पत्रकार हजर होते! गणवेशातले. ब्रिगेडच्या माहिती विभागानं एक बातमीदार आणि एक छायाचित्रकार कंपनीबरोबर पाठवले होते. बातमीदारानं सगळं बघितलं आणि परत येऊन विजयाची बातमी लिहिली. छायाचित्रकार रॉन हेबर्ली यांच्याजवळ सैन्याचे कॅमेरे होते आणि एक स्वतःचा. सैन्याच्या कॅमेऱ्यांतली काळीपांढरी फिल्म जमा झाली. स्वतःच्या कॅमेऱ्यातली रंगीत फिल्म त्यांनी घरी नेली.

आणि ज्यानं ही बातमी जगासमोर आणली तो सिमोर हर्श माय लायला गेलाच नव्हता. तोवर व्हिएतनाममध्येच त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

म्हणून 'प्रत्यक्षदर्शी' या शब्दावर मी आता पूर्वीसारखी विसंबत नाही. बघितलं कुणी यापेक्षा, बघितल्यावर त्याला कुणाला उत्तर द्यावं लागत होतं, हे आधी विचारते. गणवेशातल्या बातमीदाराला वरिष्ठांना उत्तर द्यायचं होतं. हर्शच्या डोक्यावर तेव्हा साहेबच नव्हता. एपी या वृत्तसंस्थेसाठी पेंटागॉनच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या) बातम्या सांभाळून १९६७ मध्ये त्यानं नोकरी सोडली होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये एका वकिलानं फोनवर सांगितलं की कुणा सैनिकावर व्हिएतनामी नागरिकांच्या हत्येचा खटला गुपचूप चाललाय. शोधपत्रकारितेसाठीच्या एका छोट्या निधीतून थोडे पैसे मिळाले आणि हा विमानात बसला. सॉल्ट लेक सिटीत त्या आरोपीच्या, म्हणजे चार्ली कंपनीतल्या लेफ्टनंट विल्यम कॅलीच्या, वकिलासमोर बसून त्यानं टेबलावरचा आरोपपत्राचा कागद उलट्या बाजूनं वाचला, बोलता बोलता उतरूनही घेतला. त्यात १०९ 'पौर्वात्य मानवां'ची हत्या असं लिहिलेलं होतं. मग जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग तळावर जाऊन दिवसभर बराकी धुंडाळल्या आणि रात्री कॅलीला गाठलं.

बड्या नियतकालिकांपैकी लाइफनं बातमी नाकारली, लुकनं नाकारली. शेवटी शेजारच्या तेवीस वर्षांच्या पोरानं, डेव्हिड ऑब्स्टनं, डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या आपल्या चिमुकल्या संस्थेतून देशभरच्या संपादकांना एकेक फोन लावला. शंभर डॉलरला बातमी. तिसाहून जास्त पेपरांनी घेतली आणि १३ नोव्हेंबर १९६९ ला ती छापून आली.

चर्चा व्हावी, मतभेदही यावेत. माझं वाचन आहे, अभ्यास म्हणण्याइतका नाही.

---

मोरपीस२१

वाचनखूण साठवली. 'पौर्वात्य मानव' इथे थांबले आणि पुढे वाचवेना. माणूस मेल्यावरसुद्धा नुसता माणूस नाही.

---

खिळेजुळारी

नदीकाठ, लेख आवडला. मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे तुमच्या '१२८ आणि ३' वर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तो प्रश्न कुणी का विचारला नाही, हे मला आतून माहीत आहे. रात्री साडेदहा वाजता प्रेसनोट हातात येते. पान सोडायला चाळीस मिनिटं असतात. नोटमध्ये आकडा असतो, अधिकाऱ्याचं पद असतं, ठिकाण असतं. म्हणजे बातमीचं सगळं तयार. उपसंपादक तिला मथळा देतो, वाक्यं आखूड करतो, आणि पान जातं. त्यात खोटं बोलायचा कुणाचा विचार नसतो. एकदा आमच्याकडे एका कारवाईच्या नोटमध्ये जप्त मालाची संख्या आणि पकडलेल्यांची संख्या एकमेकांशी जुळत नव्हती. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "नोटमध्ये आहे ना? मग जाऊ दे." मी जाऊ दिलं. ती बातमी माझ्या हातून गेली. आजही ते कात्रण माझ्याजवळ आहे.

धाग्यात राहून गेलेला एक मुद्दा जोडतो. कॅलीवर आरोप ठेवल्याची माहिती सैन्यानं लपवली नव्हती. सप्टेंबर १९६९ मध्ये तळावरून चार ओळींची नोट निघाली होती आणि एपीनं ती देशभर पाठवलीसुद्धा. 'किती' नागरिक, ते मात्र त्यात नव्हतं. पेपरांनी आतल्या पानांत ती भरीला लावली. म्हणजे हर्शच्या आधी दोन महिने प्रत्येक डेस्कवर ही बातमी येऊन पडली होती. कुणीतरी फोन उचलून "किती जण?" एवढंच विचारायचं होतं.

मोठ्या पेपरांना माणसांची कमतरता नव्हती. सायगावमध्ये त्या काळात शेकडो परदेशी पत्रकार होते. रोज संध्याकाळी सैन्याची पत्रकार परिषद भरायची, तिला पत्रकारच 'पाच वाजताचा तमाशा' अशा अर्थाच्या नावानं ओळखायचे. तिथल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी छापून तेच आकडे यायचे, कारण छापायला दुसरं काही हातात नसायचं.

---

कात्रणवही

या विषयात अमेरिकी पत्रकार आय. एफ. स्टोन यांचं नाव यायलाच हवं. माझ्या मते हर्शच्या आधीचा आणि हर्शपेक्षा शिकण्यासारखा माणूस.

१९५३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांनी स्वतःचं साप्ताहिक सुरू केलं. चार पानं, वर्षाची वर्गणी पाच डॉलर, सुरुवातीला साधारण पाच हजार वर्गणीदार. हिशेब, टपाल सगळं बायको एस्तर बघायची. स्टोन यांना कमी ऐकू यायचं, कानाला यंत्र असायचं. पत्रकार परिषदेत बसून मंत्र्याच्या तोंडून काही पकडणं त्यांना जमायचं नाही. म्हणून ते कागद वाचायचे. संसदेच्या कामकाजाची छापील इतिवृत्तं, समित्यांचे अहवाल, परिशिष्टं, तळटिपा. सरकार खोटं बोलतं ते भाषणात, आणि खरं सांडतं ते परिशिष्टात, असा त्यांच्या कामाचा धडा मला वाटतो (शब्द माझे, त्यांचे नव्हेत).

उदाहरण देतो म्हणजे कळेल. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं श्वेतपत्रिका काढली. दावा असा की दक्षिण व्हिएतनाममधलं बंड हे खरं तर उत्तरेकडून लादलेलं आक्रमण आहे, शस्त्रं कम्युनिस्ट देशांतून येतात. पेपरांनी दावा छापला. स्टोन परिशिष्टात गेले आणि तिथली अठरा महिन्यांत पकडलेल्या कम्युनिस्ट बनावटीच्या शस्त्रांची यादी मोजत बसले. बेरीज आली १७९. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे दर अठरा महिन्यांत गनिमांकडून पकडलेली एकूण शस्त्रं होती सरासरी ७,५००. म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी! बाकीची बहुतेक अमेरिकेनंच दक्षिणेच्या फौजेला दिलेली आणि गनिमांनी हिसकावलेली. गुप्त सूत्र नाही, रणभूमी नाही. एक माणूस, एक सरकारी पुस्तिका, एक पेन्सिल.

नदीकाठ यांचा '१२८ आणि ३' चा प्रश्न याच जातीचा आहे.

आणि टोंकिनचं आखात. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामी बोटींचा एका अमेरिकी विनाशिकेवर हल्ला झाला, तो खरा. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. ७ ऑगस्टला संसदेनं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना युद्धाची मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्या दोघांपैकी वेन मोर्स यांचं सिनेटमधलं भाषण स्टोन यांनी त्याच महिन्यात उचलून धरलं. हल्ल्याच्या आधी दक्षिणेच्या बोटींनी अमेरिकेच्या पाठबळावर उत्तरेच्या बेटांवर मारा केला होता, हे सरकार का सांगत नाही, असा सवाल केला. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेच्या इतिहासकारानं लिहिलेलं २००५ मध्ये खुलं झालं. एक्केचाळीस वर्षांनी. तोवर व्हिएतनाममध्ये किती माणसं गेली त्याचा हिशेब कोण देणार?

१९७१ मध्ये स्टोन यांनी साप्ताहिक बंद केलं तेव्हा वर्गणीदार सत्तर हजारांच्या घरात होते.

---

मोरपीस२१

हे १७९ कायम लक्षात राहील. धन्यवाद.

---

अपशिंगेकर

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, पहिल्या महायुद्धापासून. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे असा धागा वाचताना पहिल्यांदा मनात येतं की आता फौजेला झोडपणार. तसं झालं नाही, पण अर्धी गोष्ट सांगायची राहिलीय.

ही बातमी मुळात सैनिकांनी बाहेर काढली. हर्श नंतर आला.

ह्यू थॉम्पसन, चोवीस वर्षांचा हेलिकॉप्टर पायलट. टेहळणी करताना खाली काय चाललंय ते त्यानं बघितलं. पळणारे गावकरी आणि त्यांच्या मागचे अमेरिकन सैनिक यांच्या मधोमध त्यानं हेलिकॉप्टर उतरवलं. आपल्या दोन साथीदारांना, लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन आंद्रेओटा यांना सांगितलं, यांनी लोकांवर गोळी चालवली तर तुम्ही यांच्यावर चालवा. स्वतः उतरून खंदकात लपलेल्या लोकांना बाहेर बोलावलं आणि दुसरी हेलिकॉप्टरं मागवून त्यांना हलवलं. मग चरातल्या प्रेतांमध्ये हालचाल दिसली म्हणून पुन्हा उतरले. आंद्रेओटा त्या चरात शिरला आणि एक जिवंत पोर काढून आणलं. तीन आठवड्यांनी आंद्रेओटा लढाईत मारला गेला. थॉम्पसननं त्याच दिवशी वरिष्ठांकडे तोंडी तक्रार केली, म्हणून तिथली कत्तल थांबवायचा आदेश गेला. चौकशी कुणी केली? ब्रिगेडच्याच कर्नलनं. निष्कर्ष: तोफखाना आणि गोळीबाराच्या माऱ्यात सापडून चुकून २० नागरिक मेले. थॉम्पसनला याबद्दल 'सोल्जर्स मेडल' हे शौर्यपदक मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं, आणि मधल्या काळात त्याला गद्दार म्हणणारे, धमक्या देणारे कमी नव्हते.

दुसरा रॉन रायडनहाउर. हा तिथे नव्हताच. सोबत्यांकडून त्यानं ऐकलं, मग पुढचे काही महिने एकेकाला भेटून विचारलं. नावं, जागा, कोण कुठे उभा होता. मायदेशी परतल्यावर मार्च १९६९ मध्ये त्यानं राष्ट्राध्यक्षांसकट सुमारे तीस खासदारांना आणि अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. बहुतेकांनी दखलही घेतली नाही. थोड्यांनी घेतली, म्हणून चौकशी लागली, म्हणून कॅलीवर आरोप आला, आणि मग हर्शला तो फोन आला. पुढे रायडनहाउर स्वतः शोधपत्रकार झाला.

वडिलांना मी थॉम्पसनची गोष्ट सांगितली. वडील फार बोलत नाहीत. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हुकूम पाळायला एक छाती लागते, न पाळायला दोन."

माझा राग त्या १२८ वर आहे, कारण त्या आकड्यानं थॉम्पसनसारख्यांनाही पुसून टाकलं.

---

नदीकाठ

अपशिंगेकर, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता. थॉम्पसनबद्दल मला माहीत होतं, तरी हर्शच्या नादात मागे पडलं. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

यातून माझंच म्हणणं मला थोडं दुरुस्त करायचंय. 'साहेब नसलेला माणूस' म्हणजे पत्रकारच असं नाही. रायडनहाउरनं पत्र लिहिलं तेव्हा तो नुकताच फौजेतून सुटला होता. हेबर्लीनं फोटो दाखवले ते सुटल्यावर. गोळीचा हुकूम देणारा कॅली याच फौजेत, आणि थॉम्पसनही त्याच फौजेत. वर उत्तर देण्याची सक्ती सुटली, किंवा कुणी ती झुगारली, की खरं बोलता येतं. हर्शचं मोठेपण हे की अशी बोललेली माणसं तो शोधत गेला आणि त्यांचं म्हणणं एकमेकांशी ताडून बघितलं. पॉल मीडलो या सैनिकाला गाठायला तो इंडियानातल्या एका शेतावर गेला. कत्तलीच्या दुसऱ्याच दिवशी सुरुंगानं मीडलोचं पाऊल गेलं होतं. दारात त्याची आई उभी होती. तिनं हर्शला सांगितलं, मी त्यांच्याकडे चांगला मुलगा पाठवला होता, त्यांनी त्याला खुनी केलं.

मला दोन मुलं आहेत. या वाक्यापुढे मला काही सुचत नाही.

---

दूरदेशी

मी क्लीवलंडजवळ राहतो, म्हणून लिहितोय. हेबर्ली याच भागातले. त्यांचे फोटो पहिल्यांदा छापले ते इथल्या प्लेन डीलर या स्थानिक पेपरानं, २० नोव्हेंबर १९६९ ला. इथल्या वाचनालयात जुने अंक मायक्रोफिल्मवर आहेत. मी एका शनिवारी जाऊन तो अंक काढला. यंत्राची मूठ फिरवत गेलो की जाहिराती सरकतात, सणाची सेल, गाड्यांच्या किमती, आणि मग ते पान येतं. रस्त्यावर एकमेकांवर पडलेली बायकामुलं. मूळ फोटो रंगीत, पण पेपरात काळापांढरा छापलेला, आणि मायक्रोफिल्मवर आणखी काळवंडलेला. नजर हटवावी तर बाजूच्या कॉलमात नेहमीच्या बातम्या. शेजारच्या यंत्रावर एक आजोबा वंशावळ शोधत होते, त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं आणि काही न बोलता मान फिरवली.

दोन गोष्टी नोंदवतो. एक, हे फोटो छापून येण्याआधी हेबर्लींनी इथल्या क्लबांमध्ये आणि सभांमध्ये स्लाइड म्हणून दाखवले होते. लोकांनी बघितले आणि घरी गेले. कित्येकांना ते खरेच वाटले नाहीत. दोन, २००९ मध्ये त्यांनी याच पेपराला सांगितलं की सैनिक प्रत्यक्ष मारताना दिसत होते ते फोटो त्यांनी स्वतः नष्ट केले होते. म्हणजे आपण जे बघतो तेही पूर्ण नाही.

नदीकाठ, तुमचा निकष बरोबर आहे पण अपुरा आहे असं मला वाटतं. वाचकालाही उत्तर द्यावं लागत नाही, तरी वाचक डोळे मिटतो. १९७१ मध्ये कॅलीला २२ खुनांबद्दल जन्मठेप झाली तेव्हा व्हाइट हाउसमध्ये तारांचा पाऊस पडला. बहुतेक सगळ्या कॅलीच्या बाजूनं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून तळावरच्या त्याच्या घरात नजरकैदेत ठेवलं. शिक्षा कमी होत होत १९७४ मध्ये तो सुटला. संबंध प्रकरणात दोषी ठरलेला तो एकटा. सरकारी कथा लोकांवर लादली जाते हे अर्धंच खरं आहे. लोकांना ती हवीही असते.

---

तळेगावचा_वाचक

वेगळा सूर लावतोय, राग मानू नये.

हे सगळं अमेरिकेत छापून आलं. हर्शला १९७० चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी डॅनियल एल्सबर्ग यांनी फोडलेली व्हिएतनाम युद्धाबद्दलची सात हजार पानांची पेंटागॉनची गुप्त कागदपत्रं छापण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. उत्तर व्हिएतनाममध्ये कुणा हर्शला, कुणा स्टोनला एक ओळ तरी लिहिता आली असती का? १९६८ मध्येच दक्षिण व्हिएतनाममधलं ह्वे शहर कम्युनिस्टांच्या ताब्यात महिनाभर होतं. नंतर तिथल्या सामूहिक दफनांतून सुमारे २,८०० प्रेतं निघाली. त्यावर हनोईच्या कुठल्या पत्रकारानं प्रश्न विचारला? व्हिएतनाममधल्या युद्धविरामावर देखरेख ठेवणाऱ्या ज्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचा भारत अध्यक्ष होता, त्या आयोगानं १९६२ च्या अहवालात उत्तरेवरही १९५४ च्या जिनिव्हा कराराच्या उल्लंघनाचा ठपका ठेवला होता. ते आपण विसरतो.

आणि दुसरं. 'स्वतंत्र' म्हणजे 'खरा' नव्हे. हर्श यांच्या अलीकडच्या बातम्या, उदाहरणार्थ २०२३ ची बाल्टिक समुद्रातल्या गॅसवाहिनीच्या स्फोटाची, एका निनावी सूत्रावर उभी होती आणि तिच्यावर कडक टीका झाली. आज कुणीही उठतो, चॅनल काढतो आणि 'तुमच्यापासून लपवलेलं सत्य' विकतो. माझा पुतण्या सकाळ-संध्याकाळ युक्रेनबद्दल असलंच काही पाठवत असतो.

---

कात्रणवही

तळेगावचा_वाचक, राग कसला, ह्वेबद्दल लिहिलंत ते आवश्यकच होतं. त्या मृतांना कुणाच्या राजकारणापायी वगळता येणार नाही.

पुतण्याबद्दल मात्र सुचवतो. त्याला विचारा, हे तपासायचं तर मी कुठे जाऊ? स्टोन यांच्या वाचकाला ते विचारावं लागत नसे. श्वेतपत्रिका कुणालाही मिळत होती, पान उघडा आणि मोजा. माय लायच्या बातमीत आरोपपत्र होतं, वकिलाचं नाव होतं, कॅली स्वतः बोलला होता, मीडलो स्वतःच्या नावानं आणि चेहऱ्यानं टीव्हीवर आला. २०२३ च्या बातमीत असं हाताला लागणारं काही नव्हतं. माणूस तोच, पद्धत तीच राहिली नाही. मी माणसावर विश्वास ठेवत नाही, पद्धतीवर ठेवतो.

---

खिळेजुळारी

कात्रणवहींशी सहमत. आणखी एक आठवण करून देतो: मोठ्या पेपरांतही स्वतंत्र माणसं होतीच. डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांना सायगावमधून हलवा असं खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकांना १९६३ मध्ये सुचवलं होतं, मालकांनी ऐकलं नाही. त्याच पेपराचे हॅरिसन सॉल्सबरी डिसेंबर १९६६ मध्ये हनोईला गेले आणि बॉम्ब फक्त लष्करी ठिकाणांवर पडतात हा दावा नाम दिन्ह शहरातली पडलेली घरं दाखवून खोडला. परीक्षकांनी त्यांची पुलित्झरसाठी शिफारस केली, वरच्या मंडळानं ती फिरवली. नोकरीत राहूनही हे करता येतं. महाग पडतं.

---

नदीकाठ

या सगळ्यात एक बाजू अजून आलीच नाही, आणि ती मीही घातली नव्हती. सोन मीचे लोक. कत्तल झाली ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. स्थानिक दक्षिण व्हिएतनामी अधिकाऱ्यांनी काही दिवसांतच वर कळवलं होतं. गनिमांनी पत्रकं वाटली होती, त्यांना शत्रूचा प्रचार म्हणून बाजूला टाकलं गेलं. म्हणजे 'बातमी बाहेर आली' असं आपण म्हणतो तेव्हा ती कुणासाठी बाहेर आली? गावकऱ्यांच्या तोंडून आली तेव्हा ती प्रचार होती. मीडलोच्या तोंडून आली तेव्हा बातमी झाली. शीर्षकात मी 'कशी बाहेर आली' लिहिलंय, ते आता मला खुपतंय.

इथे कुणी सोन मीला जाऊन आलंय का?

---

सायली_प्र

मी जाऊन आलेय. एरवी फक्त वाचते, आज लिहायला लॉगिन केलं.

आम्ही हनोई, हा लाँग, दा नांग अशी टूर घेतली होती. हल्ली आपल्याकडून बरेच लोक जातात. टूरमध्ये सोन मी नव्हतं. दा नांगला एक दिवस मोकळा होता, मी आणि माझ्या सासूबाई गाडी करून गेलो. दक्षिणेला अडीचेक तास, क्वांग न्गाय शहर, आणि तिथून समुद्राकडे थोडं पुढे. वाटेत भातखाचरं, बांधावर केळी, म्हशी. सासूबाई म्हणाल्या, अगदी आपल्या कोकणात आल्यासारखं वाटतंय गं.

आत गेल्यावर घरांचे जोते तसेच ठेवलेत, जळलेले. प्रत्येकापुढे पाटी, कुणाचं घर, कोण कोण गेलं. मधल्या पायवाटा सिमेंटच्या आहेत. त्यांत पावलांचे ठसे उमटवलेत. बुटांचे, आणि त्यांच्यामध्ये अनवाणी पावलांचे. लहान मोठे. सायकलच्या चाकांची रेघही आहे. सासूबाईंनी ते बघितलं आणि चपला काढून हातात घेतल्या. मला म्हणाल्या, यावरून चपलेनं जाववत नाही. ऊन होतं, सिमेंट तापलेलं होतं, तरी त्या शेवटपर्यंत तशाच चालल्या. तो चर अजून आहे, कडेला गवत.

संग्रहालयात शिरल्यावर काळ्या दगडावर ५०४ नावं आहेत. १८२ बायका, त्यांतल्या १७ गरोदर. १७३ मुलं, त्यांतली ५६ तान्ही. सासूबाईंना ती लिपी येत नाही, इंग्रजी वाचायलाही अडखळतात. पण नावापुढे वय लिहिलंय, आणि आकडे कळतात. त्या बोट लावून एकेक वाचत गेल्या, मोठ्यानं, मराठीत. चौसष्ट. तीस. आठ. पाच. एक. एक.